काचेखालची साबणवडी

मित्रांनो, साबणाची वडी कधी जुनी होत नसते. ती आधी नवी असते, मग लहान होते, मग चपटी होते आणि एक दिवस मोरीच्या जाळीतून सटकून जाते. मग घरातले कोणीतरी ओरडते, "अगं, साबण संपला." एवढेच तिचे आयुष्य. म्हणून मी एक जुनी साबणाची वडी आहे असे जेव्हा मी तुम्हाला सांगते, तेव्हा तुमच्यातल्या हुशार मुलांनी लगेच विचारायला हवे, "काय हो, तुम्ही जुन्या कशा झालात?" बाकीच्यांनी नुसते ऐकले तरी चालेल.

माझा जन्म साबणाच्या कारखान्यात, एका भल्यामोठ्या कढईत झाला. तेल आणि खार यांचे आधी अजिबात पटत नव्हते. उकळून उकळून त्यांचे जमले आणि आम्ही झालो. मग आम्हाला लांबच लांब पट्टीसारखे बाहेर काढले, तारेने कापले आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक बदक उमटवले. मोठे सुबक बदक होते ते. त्याच्या शेपटीची पिसेसुद्धा वेगवेगळी दिसत. हे बदक लक्षात ठेवा. पुढे त्याने साक्ष दिली आहे.

खोक्यात आम्ही बहिणी शेजारी शेजारी होतो. तिथे आमचे एकच बोलणे चाले, कोण आधी संपणार. माझ्या उजवीकडची वडी एका वसतिगृहात गेली. आठवड्याच्या आत ती कृतार्थ झाली असे ऐकते. डावीकडची एका बाळंतिणीच्या घरी गेली. तिचे तर काय विचारावे, तिला रात्रीसुद्धा उसंत नव्हती. मी मात्र आप्पांच्या धंद्यात गेले.

आप्पांचा धंदा जेवण पुरवण्याचा होता. टायरच्या दुकानामागच्या गल्लीत त्यांचे लांबलचक स्वयंपाकघर होते. एका भिंतीला मोठ्या शेगड्या, समोर शीतकपाट, मागच्या दाराबाहेर भांडी घासायचे अंगण आणि तिथे एक गळका नळ. आतल्या दाराशी हात धुण्याचे पांढरेशुभ्र बेसिन होते. कचेऱ्यांचे जेवण, सभागृहातल्या पंगती, कोणाचा वाढदिवस, कोणाचा निरोप, असे सगळे तिथून जाई. अन्न चांगले असे. आप्पा माणूसही चांगले होते. पण त्यांना एका गोष्टीची भीती फार, तपासणीची.

त्या भीतीलाही कारण होते. मी येण्याच्या आधी चष्मेवाले तपासनीस साहेब आले होते. त्यांनी सगळीकडे पाहिले, बेसिनपाशी थांबले आणि शेरा दिला, "हात धुण्याच्या जागी साबण नाही. पुन्हा असे आढळल्यास परवान्याचा विचार करावा लागेल." खरे म्हणजे साबण होता. त्याच सकाळी तो संपला होता. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की लोकांनी त्याने हात धुतले होते.

आप्पांनी धसका घेतला. जेवताना त्यांना साबण दिसू लागला. शेवटी त्यांनी बायकोच्या भावाला बोलावले. हे मेहुणे आधी छत्र्या विकत होते, मग टायपिंगचा वर्ग चालवत होते, मग काहीच करत नव्हते. आता त्यांना अन्नसुरक्षेचे अधिकारी नेमले. सगळे त्यांना मेहुणेच म्हणत, म्हणजे ज्यांचे ते कोणी लागत नव्हते तेही.

मेहुण्यांनी खुर्ची ओढली, पायावर पाय टाकला आणि विचारले, "भाऊजी, आपल्याला धोका कशाचा आहे?"

"साबण नसण्याचा," आप्पा म्हणाले.

"साबण का नसतो?"

"संपतो म्हणून."

"आणि संपतो कशाने?"

आप्पा विचारात पडले. "वापरल्याने?"

"मग झालं तर. वापर बंद करा. धोकाच संपला."

आप्पांनी मेहुण्यांकडे असे पाहिले, जणू टायपिंगच्या वर्गात इतकी वर्षे एक मोठा शास्त्रज्ञ कुजत पडला होता.

त्याच दुपारी मला वाण्याकडून आणले. माझ्या अंगावरचा कागद मेहुण्यांनी स्वतः काढला, हाताने नव्हे, चिमट्याने. मला चिनीमातीच्या बशीत ठेवले. वर केक झाकायचा काचेचा घुमट घातला. बेसिनवर आधीपासून पाटी होती, "येथे हात धुवा." तिच्या खाली मेहुण्यांनी दुसरी लावली, "येथे हात धुऊ नयेत. हुकमावरून." दोन्ही पाट्या एकाच रंगाच्या होत्या, त्यामुळे भिंत शोभून दिसे.

मी काचेतून बाहेर पाहत बसले. वाटले, आज नाही तर उद्या. तपासणी झाली की घुमट काढतील. तपासणी झाली. चष्मेवाले साहेब दारातूनच थबकले. "वा," ते म्हणाले, "असा साबण मी कुठेच पाहिला नाही. याला म्हणतात टापटीप." आप्पांना पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले, ते चौकटीत बसून भिंतीवर गेले, आणि माझे नशीब त्याच खिळ्याला टांगले गेले. ज्या वस्तूने शाबासकी मिळवून दिली, तिला आता कोण हात लावणार?

मेहुण्यांचा हुरूप वाढला. कच्च्या मांसासाठी लाल आणि भाजीसाठी हिरवी अशा कापायच्या फळ्या आणल्या होत्या. त्या भिंतीवर तसबिरीसारख्या लावल्या गेल्या. खाली सगळे काम एकाच जुन्या लाकडी फळीवर चाले. अन्नाचे तापमान पाहायचा थर्मामीटर मखमली डबीत गेला. केस झाकायच्या टोप्या वेष्टनातच राहिल्या, कारण चुरगळल्या तर तपासणीला बऱ्या दिसल्या नसत्या. औषधाच्या पेटीला कुलूप लागले आणि किल्ली आप्पांच्या घरी गेली. धोका म्हणाल तर कशालाच उरला नाही. उरला तो जेवणाऱ्यांना.

या स्वयंपाकघरात माझी दोघांशी ओळख झाली. एक पैलवान. हा भांडी घासायचा. अंगाने इतका किरकोळ होता, की पातेल्यात वाकला तर फक्त पाय दिसत. तो जाता-येता काचेवर टिचकी मारी.

"काय महाराणी, झोप झाली का?"

"तिला उठवू नकोस," मावशी कढईजवळून म्हणत. "मेहुण्यांना ताप येईल."

मावशी म्हणजे दुसरी ओळख. त्या स्वयंपाकघरात सगळ्यात जुन्या. आप्पांच्या वडिलांच्या काळात कांदे चिरायला म्हणून आल्या आणि पुढे सगळा गोडाचा विभाग त्यांच्याकडे आला. त्यांचे कस्टर्ड प्रसिद्ध होते. लोक आधी विचारत, कस्टर्ड मावशींचे आहे ना, आणि मग जेवणाचे ठरवत. बाजारात गेल्या की फळवाला त्यांच्यासाठी चांगली केळी बाजूला काढून ठेवी आणि बाकीच्यांना सांगे, "ती दिलेली आहेत." मावशी हे सगळ्यांना सांगत. मला तर त्यांनी ते इतक्यांदा ऐकवले, की त्या केळ्यांवरचे ठिपकेही मला पाठ झाले होते.

मावशींच्या कमरेला एक छोटीशी गोल डबी असे. तीत त्यांच्या घरच्या साबणाचा एक तुकडा होता. कामाला हात घालण्याआधी, आणि मधे मधेही, त्या मागच्या अंगणातल्या गळक्या नळावर जात आणि कोपरापर्यंत हात धुऊन येत. पैलवान एकदा म्हणाला, "मावशी, एवढं काय धुता? हात विरघळतील."

"कांद्याचा वास जात नाही रे. घरी नातवाला उचललं की नाक मुरडतो मेला. आजीपेक्षा नाकाची किंमत जास्त आहे त्याला."

तर असे कारण होते. मला मात्र त्या डबीतल्या तुकड्याचा फार हेवा वाटे. तो पापुद्र्याएवढा उरला होता, आणि मी अजून पूर्ण. माझ्या पाठीवरचे बदक तर खुशाल पोहायला निघाल्यासारखे ताजे होते.

अशी वर्षे गेली. मी काचेखाली सुकत गेले. अंगाला बारीक भेगा पडल्या. बेसिनच्या नळात कोळ्याने संसार मांडला आणि वाढवला. पैलवानाची मुलगी, जी मी आले तेव्हा त्याच्या खांद्यावर बसून येई, ती दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली. मी जिथल्या तिथे. चष्मेवाले साहेब दर वर्षी येत, माझे कौतुक करत आणि दर वर्षी न चुकता हात न धुता चहाबरोबर बिस्किट खाऊन जात.

मग तो निरोप समारंभ आला.

एका कचेरीचे मुख्य कारकून निवृत्त व्हायचे होते. जेवण आप्पांकडे. सकाळी कोंबडीच्या मांसाचे ट्रे आले. मांस नीट थंड आहे की नाही हे पाहणे अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचे काम. थर्मामीटर मखमलीत होता, म्हणून मेहुण्यांनी बाही सरसावली, प्रत्येक ट्रेमध्ये तळहात दाबून धरला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "थंड आहे." मग खिशातून रुमाल काढून हात पुसले. त्या रुमालाने त्याआधी स्कूटरची सीट, चष्मा आणि कपाळ पुसले होते. बहुगुणी रुमाल होता.

दुसऱ्या टेबलावर कस्टर्डच्या वाट्या निवून तयार होत्या. मावशींनी दूध उकळून, आटवून, ढवळून ते केले होते आणि वर जाळी घालून त्या भाताकडे वळल्या होत्या. मेहुण्यांनी जाळी उचलली. त्यांची एक आवड होती. कोणत्याही पदार्थावर शेवटचा हात त्यांचा पडलाच पाहिजे. त्यांनी द्राक्षांच्या फोडी घेतल्या आणि वाटीवाटीत, एकेक करून, बोटाने हलकेच दाबून बसवल्या. फोड वाकडी बसली तर उचलून पुन्हा दाबली.

मित्रांनो, मी सगळे पाहत होते. मी बेसिनवर, मेहुणे हाताच्या अंतरावर. मला घाम फुटला. पण काचेखालच्या साबणाला घाम फुटला तर लोक म्हणतात, हवा दमट आहे.

समारंभ झाला. भाषणे झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. निरोप एकट्या मुख्य कारकुनांना द्यायचा ठरला होता, पण त्या रात्री सगळी कचेरीच आपापल्या घरच्यांचा निरोप घ्यायच्या बेतात आली होती. कोणी दगावले नाही, पण संडासाची कडी म्हणून कोणाच्या घरी दिवसभर थंड राहिली नाही. फक्त रोखपाल ठणठणीत होते. त्यांना मधुमेह होता. त्यांनी कस्टर्ड खाल्ले नव्हते.

आप्पा मटकन खाली बसले. "आता तपासणी येणार. परवाना जाणार. मेहुणे, काहीतरी करा."

मेहुण्यांनी पुन्हा खुर्ची ओढली. "भाऊजी, घाबरू नका. रोखपालांनी काय खाल्लं नाही?"

"कस्टर्ड."

"कस्टर्ड कोणाचं?"

आप्पांनी मान खाली घातली. मावशी तिथेच होत्या, हातात झारा होता.

"मावशी," आप्पा म्हणाले, "तुम्ही जरा काही दिवस घरी बसा."

"काही दिवस म्हणजे किती?"

"म्हणजे..." आप्पांनी झाऱ्याकडे पाहिले. "कायमचे."

मावशींनी झारा धुतला, खुंटीला अडकवला. "माझ्या कस्टर्डने आजवर कोणाला ढेकरसुद्धा आंबट आली नाही. फळवाल्याने आज केळी काढून ठेवली नव्हती. तोंड फिरवून दुसऱ्याशी बोलत होता. तुम्ही सांगायच्या आधी बाजाराला कळलं होतं होय?"

"आम्हाला तपासणीत सांगावं लागतं," मेहुणे म्हणाले, "की कारवाई केली."

"मग सांगा. पण माझ्यासमोर सांगा. ते ऐकते आणि जाते."

तपासणी दुसऱ्या दिवशी आली. चष्मेवाले साहेब आता निवृत्त झाले होते. या वेळी एक बाई आल्या. साध्या, सडपातळ, खांद्याला पिशवी. मावशी आपली कापडी पिशवी भरून दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. आप्पांनी सकाळीच नवा सदरा घातला होता आणि तो घामाने जुना झाला होता.

"या बाई, या," मेहुणे पुढे झाले. "आधी प्रमाणपत्र बघून घ्या. मग रंगीत फळ्या. कारवाई आम्ही केलेलीच आहे, ती स्टुलावर बसली आहे."

"आधी मला हात धुऊ द्या," बाई म्हणाल्या आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

मेहुणे असे धावले, की मी त्यांना कधी तसे धावताना पाहिले नव्हते. "बाई, तिथे नको, तिथे नको. पैलवान, बाईंना तांब्या आण."

"का? तिथे काय झालं?"

"ते तपासणीसाठी ठेवलंय."

"मी तपासणीच करते आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक पाटी वाचली. मग दुसरी वाचली. मग पुन्हा पहिली वाचली. त्यांनी नळ फिरवला. नळ खोकला, आतून एक कोळी कुटुंबासह बाहेर आला आणि नाराजीने निघून गेला. पाणी आले नाही. मग त्यांनी घुमट उचलला. किती वर्षांनी मला वारा लागला. त्यांनी मला उचलायला पाहिले तर बशीही बरोबर आली, इतकी मी तिला चिकटले होते. त्यांनी मला उजेडात धरले आणि माझ्या पाठीवरच्या बदकावरून बोट फिरवले.

"ही वडी कधीची?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, आप्पांनी इतकी वर्षे हा प्रश्न विचारला जाण्याची वाट पाहिली होती. त्यांची छाती फुगली. "बाई, पैलवानाची पोरगी खांद्यावर होती तेव्हाची. बघा, एक ओरखडा नाही. बदकाचं पीसन्पीस शाबूत आहे. खोटं वाटत असेल तर साहेबांना विचारा, ते दर वर्षी बघून जायचे."

"खोटं अजिबात वाटत नाही," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही सगळे हात कुठे धुता?"

आप्पांची छाती जशी फुगली होती तशीच हळूहळू खाली आली. त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळत होते, पण जरा उशिराने, जिन्यावरून भांडे गडगडत यावे तसे.

"माझं काय," पैलवान म्हणाला, "माझे हात कायम पाण्यातच असतात बाई. ते कोरडे कधी होतात हाच प्रश्न आहे."

"तुम्ही?" बाईंनी मेहुण्यांना विचारले.

मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढला. दाखवावा की लपवावा हे न ठरल्याने तो त्यांनी अर्धाच काढला. बाईंनी तो पाहिला आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"आणि तुम्ही, आजी?"

मावशींनी कमरेची डबी काढून उघडली. आत साबणाचा पापुद्रा होता, ओला. "मागच्या नळावर," त्या म्हणाल्या. "कांद्याचा वास जात नाही म्हणून. पण कारवाई माझ्यावर झाली आहे, तुम्ही त्यांना विचारा."

"कस्टर्ड तुम्ही केलं?"

"मी केलं."

"उकळून?"

"न उकळता कस्टर्ड कसं करतात ते मला नाही ठाऊक. मेहुण्यांना असेल."

"निवल्यावर त्याला कोणी हात लावला?"

मावशींनी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी मेहुण्यांकडे पाहिले. मेहुण्यांनी भिंतीवरच्या हिरव्या फळीकडे पाहिले. पैलवान मात्र कोणाकडेच न पाहता सहज म्हणाला, "शेवटचा हात मेहुण्यांचा असतो बाई. द्राक्षं लावतात. त्या दिवशी कोंबडी तपासली आणि लगेच लावली. सुंदर लावतात."

"कोंबडी कशी तपासली?"

पैलवानाने आपला तळहात पुढे केला आणि डोळे मिटले. हुबेहूब मेहुणे.

बाईंनी मला बशीसकट बेसिनच्या कडेवर ठेवले. मग म्हणाल्या, "आप्पा, कारवाई करायची असेल तर आजींना स्टुलावरून उठवा. बसायला दुसरं माणूस आहे."

पुढे जे व्हायचे ते झाले. स्वयंपाकघर बंद झाले. सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. नळ दुरुस्त झाला, कोळ्याला दुसरी जागा पाहावी लागली. फळ्या भिंतीवरून खाली आल्या, थर्मामीटर मखमलीतून बाहेर आला आणि उजेडाने दिपला. अहवाल येईपर्यंत मेहुण्यांनी अन्नाला बोट लावायचे नाही असे ठरले. मावशींना आप्पा स्वतः बोलवायला गेले. दारातच त्यांनी कान धरले. मावशी म्हणाल्या, "ते कान सोडा आधी, आणि हात धुऊन घ्या."

जाताना बाईंनी मेहुण्यांना बजावले होते, "पुन्हा येईन तेव्हा ही वडी मला झिजलेली दिसली पाहिजे. लपवलेली नाही, झिजलेली. ती संपली की बाटलीतला साबण लावलात तर आणखी बरं. पण आधी ही वापरा."

मेहुणे हुकूम पाळण्यात पक्के. त्यांनी जुनी खालची पाटी काढली आणि नवी लावली, "ही वडी संपवा. हुकमावरून." आणि स्वतः बेसिनशेजारी स्टूल टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले. "मांसाला हात लावला? धुवा. कचरा टाकून आलात? धुवा. शिंकलात? धुवा." पैलवान म्हणाला, "मी नुसता आत आलो." मेहुणे म्हणाले, "मग धुवायला काय हरकत आहे?"

पण मित्रांनो, खरी फजिती माझी झाली. इतकी वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला आणि मला फेसच येईना. मी दगडासारखी कडक झाले होते. पैलवानाने मला घासघास घासले आणि हात वर करून म्हणाला, "महाराणी विटल्या. यापेक्षा वीट बरी, निदान लाल तरी असते."

"सवय नाही तिला," मावशी म्हणाल्या. "दे इकडे."

त्यांनी मला ओंजळीत घेतले. नळाखाली धरले आणि नुसत्या थांबल्या. घाई केली नाही. त्यांच्या हातावर चटक्यांचे जुने डाग होते, बोटांना कापल्याच्या बारीक रेघा होत्या आणि तळव्याला कांद्याचा वास होता, जो खरोखरच जात नव्हता. पाणी माझ्या भेगांत शिरले. मी मऊ होऊ लागले. मग एक लहानसा बुडबुडा आला. मग दुसरा. मग त्यांच्या दोन्ही हातांवर पांढरा फेस चढला. मला त्या वेळी काय वाटले ते सांगता येत नाही. बदकाची चोच त्याच दिवशी गेली, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. बेसिनपाशी आता गर्दी होई, आणि जिथे गर्दी तिथे गप्पा. आप्पांचा रक्तदाब, पैलवानाच्या मुलीचे गणित, मेहुण्यांचा स्वच्छ आलेला अहवाल, सगळे मला कळू लागले. बदकाची शेपटी गेली. मग पाय गेले. आणि एका सकाळी मावशी हात धुता धुता पैलवानाला म्हणाल्या, "आज फळवाल्याने केळी बाजूला काढली होती. तोंडाने काही बोलला नाही. नुसती पिशवी पुढे केली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ठिपके कमी आहेत, चांगली बघून दे. एवढ्यात कसं सोडणार त्याला?"

मी मावशींच्या हातातून निसटले आणि बेसिनमध्ये गरागरा फिरले. लोक म्हणतात साबण निसरडा असतो. कधी कधी तो आनंदाने नाचत असतो.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी पापुद्र्याएवढी उरले होते. मेहुण्यांची सकाळपासून तारांबळ चालली होती. वडी संपवायचा हुकूम होता आणि ती थोडी उरली होती. त्यांनी कारण नसताना इतक्यांदा हात धुतले, की त्यांची बोटे सुरकुतून मनुक्यांसारखी झाली. बाईंनी मला उचलले, मला लावून हात धुतले, तेही अगदी निवांत. मग म्हणाल्या, "संपली नाही अजून."

मेहुणे पांढरे पडले.

"पण प्रयत्न दिसतो आहे," बाई म्हणाल्या, आणि मावशींच्या कस्टर्डची एक वाटी मागून घेतली. तिच्यावर द्राक्ष होते, चमच्याने ठेवलेले.

परवाना राहिला. बाई गेल्यावर आप्पा लगबगीने बेसिनपाशी आले. त्यांनी मला तळहातावर घेतले. "हिने आपल्याला वाचवलं," ते म्हणाले. "हिला आता विरघळू द्यायचं नाही. मेहुणे, तो घुमट आणा. प्रमाणपत्राखाली ठेवू."

मित्रांनो, माझ्या जिवाचे पाणी झाले, आणि साबणाच्या बाबतीत ही नुसती बोलायची गोष्ट नसते. मेहुणे घुमट आणायला निघालेसुद्धा. घुमट आता कस्टर्डवर माशी बसू नये म्हणून ठेवलेला असे. त्यांनी तो उचललाही.

"ठेवा तो तिथे," मावशी म्हणाल्या. "माशा बसतील."

"अहो पण मावशी, हिने आपल्याला..."

"वाचवलं म्हणून शिक्षा करता का तिला?"

बेसिनवर नवी वडी आली होती. अजून कोरी होती, तिच्या पाठीवर बदक होते. तिच्याकडे पाहून मला खोक्यातल्या बहिणी आठवल्या. मावशींनी आपले ओले हात आप्पांच्या तळहाताकडे नेले, मला उचलले आणि त्या नव्या वडीच्या बदकावर ठेवून अंगठ्याने घट्ट दाबले. बदक माझ्याखाली गेले. आप्पा आ वासून पाहत राहिले.

"झालं," मावशी म्हणाल्या. "आता दोघी मिळून संपा."

तेव्हापासून मी इथे आहे, दुसरीच्या पाठीवर. ती मला ताई म्हणते. तिला वाटते मी खूप काही पाहिले आहे. मी तिला सांगते, जे पाहिले ते सगळे काचेतून पाहिले, ते मोजू नकोस.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, पुसा, सांभाळून ठेवा. छत्री तसे सांगेल, पुस्तक तसे सांगेल, त्यांचे ऐका. माझे मात्र उलटे आहे. मला जपू नका. मला मळवा, भिजवा, निसटू द्या, घाईत असलात तरी उचला. तुमच्या घरी एखादी वडी फार दिवस सुंदर दिसत असेल, तर तिच्या पाठीवरच्या चित्राचे कौतुक करू नका. आपल्या हातांकडे बघा.

आता मला रजा द्या. कोंबडीचे ट्रे आले आहेत, मेहुण्यांनी थर्मामीटरने ते तपासले आहेत आणि ते बाही सरसावत इकडेच येत आहेत. रुमाल खिशात आहे. हात पुढे आहेत.